मालगाडीचा फोटो नेमका कशाचा असतो?

या मालेतलं आजचं पुष्प मालगाडीच्या फोटोंवर आहे, हे कळल्यावर आयोजकांपैकी एकांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, "सर, विषय 'आगगाडी' असाच छापू ना? मालगाडी म्हटलं तर लोक येणार नाहीत." आम्ही म्हटलं, मालगाडीच छापा. आगगाडीवर बोलणारे पुष्कळ आहेत. फलाटावरचे निरोप, खिडकीची जागा, सुट्टीतला मामाचा गाव, हे सगळं आपल्या साहित्यात आणि सिनेमात भरपूर येऊन गेलं आहे. मालगाडी आपण पाहतो ती फाटकाशी अडकून, घड्याळाकडे बघत, वैतागून. आणि तरीही तिचे फोटो काढणारी माणसं आहेत, त्यासाठी एक अख्खी दुपार उन्हात उभी राहणारी माणसं आहेत. ही मंडळी काय टिपतात आणि काय सोडून देतात, हा आजचा प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात अशा चार-पाच तरुणांबरोबर आम्ही मनमाडजवळ एक दुपार काढली. रेल्वेच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या पुलाकडेला उभे होतो. (हे मुद्दाम सांगतो. रुळांवर उतरून फोटो काढणं हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही.) लांबवर हडबीची शेंडी दिसत होती. या मुलांचं ज्ञान थक्क करणारं. हॉर्न ऐकून इंजिनाचा प्रकार सांगतात, सिग्नल पाहून किती मिनिटांत गाडी येईल ते सांगतात. ऊन कुठल्या बाजूनं पडतंय ते बघून दोन वेळा जागा बदलली. मग कुणीतरी म्हणालं, "आली. वॅग-नाईन." सगळे कॅमेरे एकदम वर. इंजिन वळणावरून पुढे आलं, तोंड आणि एक कूस दोन्ही दिसतील असा कोन मिळाला, आणि चार-पाच सेकंद शटरचा नुसता पाऊस. मग कॅमेरे खाली. सगळ्यांच्या माना स्क्रीनवर. "शार्प आलाय." "माझ्यात खांब आलाय मध्ये."

गाडी अजून जातच होती.

आम्ही मोजत होतो. कोळशाच्या रिकाम्या वाघिणी, अठ्ठावन्न. शेवटी ब्रेकव्हॅन, त्यात हिरवा झेंडा घेतलेला गार्ड. २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं; पदनाम बदललं, बसायची जागा तीच. त्यानं आमच्याकडे पाहून हात केला. त्याच्याकडे तेव्हा एकही कॅमेरा नव्हता.

आता हिशेब बघा. अशी गाडी इंजिन धरून साधारण साडेसहाशे मीटर लांब असते. ताशी साठ किलोमीटरनं गेली तर एका जागेवरून जायला तिला चाळीस सेकंद लागतात. त्यातले पाच सेकंद फोटो आणि पस्तीस सेकंद स्क्रीन. त्या दुपारी सात मालगाड्या गेल्या आणि सातही वेळा हेच झालं. या मुलांना दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. त्यांनी हा संकेत निर्माण केलेला नाही. जगभरच्या रेल्वे-मासिकांनी आणि कॅलेंडरांनी तो शंभर वर्षं घोटून ठेवला आहे: गाडीचा फोटो म्हणजे इंजिनाचं तोंड, त्यावर ऊन, आणि मागे निमुळती होत धूसर होत गेलेली एक शेपटी. प्रवासी गाडीला हे एक वेळ चालून जातं. मालगाडी मात्र असतेच त्या शेपटीसाठी. इंजिन तिचं साधन आहे. मालगाडीच्या फोटोत माल नाही आणि गाडीही नाही, फक्त इंजिन आहे, तर तो फोटो नेमका कशाचा?

घाटात हीच मंडळी शेवटच्या डब्यापर्यंत थांबतात, हे कुणी सांगेल. खरं आहे. कसारा-इगतपुरी किंवा कर्जत-लोणावळा घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे, म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. तेव्हा गाडीचा शेवट बघायला सगळे थांबतात. म्हणजे पुन्हा इंजिनासाठीच!

आमची उमर तर्कशास्त्र शिकवण्यात गेली, तेव्हा न्यायसूत्रांची आठवण होणं साहजिक आहे. दुसऱ्या अध्यायात गौतमापुढे एक पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, तुम्ही ज्याला प्रत्यक्ष म्हणता ते खरं म्हणजे अनुमानच. झाडाची एकच बाजू तुमच्या डोळ्यांना दिसते, बाकीचं झाड तुम्ही अंदाजानं धरता. नैयायिकाचं उत्तर असं की अवयवांहून वेगळा असा 'अवयवी', म्हणजे पूर्ण वस्तू, असतो आणि तो त्या दिसणाऱ्या भागातच आपल्याला भेटतो. मग प्रश्न येतो, असा पूर्ण अवयवी आहे कशावरून? नुसता भागांचा ढीग कशावरून नाही? तिथे एक युक्तिवाद दिला आहे धारण आणि आकर्षणाचा. एक भाग धरला तर सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला तर सगळी ओढली जाते. वाळूच्या ढिगाचं असं होत नाही.

वर्गात आम्ही हे शिकवायचो तेव्हा घड्याचं उदाहरण द्यायचो, कारण परंपरेत तेच चालत आलेलं. मनमाडच्या त्या पुलाशी उभं राहिल्यावर वाटलं, याहून चांगलं उदाहरण समोरून चाललं आहे. पुढचा एक ओढला की मागचे अठ्ठावन्न येतात! आणि नुसती कपलिंग नाही. सगळ्या वाघिणींखालून एअर ब्रेकची एकच नळी गेलेली असते. मधे कुठे गाडी तुटली तर नळीतला दाब उतरतो आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. गार्डासमोर त्या दाबाचं मीटर असतं. आपण एक आहोत की तुटलो, हे मालगाडीला स्वतःला कळतं, असंच म्हणा ना. आता न्यायपरंपरेतच या युक्तिवादावर आक्षेप आहेत. भाष्यकार वात्स्यायनालाही तो फारसा भक्कम वाटत नाही. त्या वादात आज शिरत नाही, नाहीतर मालगाडी यार्डातच राहील. आपल्याला हवा आहे तो एवढाच मुद्दा: इंजिनाचा फोटो पाहून 'मागे गाडी असणार' असं आपण धरून चालतो. ते अनुमान आहे. पाहणं झालेलंच नाही.

आता दोन छायाचित्रकारांकडे जाऊ. दोघेही अमेरिकेतले, दोघेही फार मोठे, आणि या प्रश्नावर एकमेकांच्या अगदी समोरासमोर.

पहिला ओ. विन्स्टन लिंक. जन्म १९१४, ब्रुकलिनचा, शिक्षणानं सिव्हिल इंजिनियर, धंद्यानं जाहिरातींचा छायाचित्रकार. १९५५ मध्ये त्याच्या ध्यानात आलं की नॉरफोक अँड वेस्टर्न ही अमेरिकेतली शेवटची मोठी वाफेवरची रेल्वे आहे आणि तीही आता डिझेलवर जाणार. पुढची पाच वर्षं त्यानं व्हर्जिनिया आणि आसपासच्या भागात तिचे फोटो काढले, बरेचसे रात्री. का? तर सूर्य त्याच्या हुकमात नव्हता, फ्लॅशचे दिवे होते. दहा-दहा, वीस-वीस बल्ब तारांनी जोडून, अंधारात झाडांवर, घरांवर, पुलांवर लावायचे आणि गाडी नेमक्या जागी आली की एका क्षणात सगळे उडवायचे. चूक झाली तर पुन्हा सगळे बल्ब बदला आणि पुढच्या गाडीची वाट बघा. हा माणूस वेडा होता, चांगल्या अर्थानं.

त्याचा सर्वांत गाजलेला फोटो १९५६ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर गावचा. उघड्यावरचं सिनेमागृह, मोटारीत बसून सिनेमा बघायचं. पुढच्या मोटारीत एक जोडपं. पडद्यावर एक विमान. आणि पलीकडून वाफ सोडत चाललेली मालगाडी. फोटो बघताक्षणी मनात बसतो, कारण त्यात तीन युगं एकत्र आली आहेत: वाफ, मोटार, जेट. पण थोडं थांबून बघा. फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढराफटक पडला होता. विमानाचं चित्र लिंकनं नंतर प्रिंट करताना त्यात बसवलं. मोटार त्याची स्वतःची, जोडपं त्यानं बसवलेलं. यात फसवणूक आहे असं आम्ही म्हणत नाही. नाटकाला आपण फसवणूक म्हणत नाही. पण हे नाटक आहे, हे लक्षात असावं, आणि नाटकाचा नायक कोण तेही बघावं. नायक आहे इंजिन, आणि त्याची वाफ. मागच्या वाघिणी म्हणजे केवळ नायकाच्या मागे चालणारे लोक.

इथे आमची तक्रार सुरू होते. बाकीच्या रेल्वे डिझेलवर गेल्या तरी नॉरफोक अँड वेस्टर्न वाफेवरच का राहिली? कारण तिचा धंदाच कोळशाचा. त्या डोंगरांतल्या खाणींचा कोळसा वाहायचा आणि तोच जाळायचा. म्हणजे लिंक ज्या इंजिनांचा शोक करतो, ती इंजिनं इतकी वर्षं जगली त्याचं कारण त्यांच्या मागच्या वाघिणींत भरलेलं होतं. आणि नेमकं तेच त्याच्या उत्तम फोटोंत अंधारात राहतं. एवढे बल्ब, पण कोळशावर उजेड नाही. लिंकचे फोटो अतिशय सुंदर आहेत. पण ते प्रेताच्या शृंगारासारखे सुंदर आहेत. मालगाडी काय करत होती हे त्यांतून कळत नाही. ती गेली म्हणून किती वाईट वाटलं, ते कळतं.

दुसरा जेम्स बेनिंग. जन्म १९४२, मूळचा गणिताचा विद्यार्थी, पुढे चित्रपटकार आणि चित्रपटाचा शिक्षक. २००७ साली त्यानं 'आर-आर' नावाचा चित्रपट केला. अमेरिकेत ठिकठिकाणी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, हलवायचा नाही, आणि गाड्या चित्रित केल्या, बहुतेक मालगाड्या. एकूण त्रेचाळीस शॉट. प्रत्येक शॉटची लांबी कोण ठरवतं? गाडी ठरवते. गाडी चौकटीत आली की शॉट सुरू, शेवटचा डबा गेला की संपला. बस. सगळा मिळून चित्रपट पावणेदोन तासांहून थोडा जास्त. म्हणजे एक शॉट सरासरी अडीच मिनिटांचा.

अडीच मिनिटं मालगाडी बघायची! आम्ही काही विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवला आहे. पहिल्या दहा मिनिटांत चुळबुळ होते. मग एक गंमत होते. लोक मोजू लागतात. मग मोजणं सुटतं. कांटनं 'क्रिटीक ऑफ जजमेंट'मध्ये फार मोठ्या वस्तूंबद्दल जे म्हटलं आहे ते इथे अनुभवाला येतं: एकेक भाग घेत जाणं अमर्याद चालू शकतं, पण नवे घेताना जुने हातातून निसटतात आणि सगळं मिळून एक असं मनात मावेनासं होतं. गाडी मनापेक्षा लांब होते. आणि तेव्हा, बहुधा प्रथमच, प्रश्न पडतो की एवढं सगळं चाललंय तरी कुठे? कुणासाठी? कंटेनरमागून कंटेनर, टाकीमागून टाकी. इतकं काय लागतं माणसांना?

हा प्रश्न लिंकच्या फोटोतून कधीच पडत नाही. बेनिंगमध्ये तो पडतो, आणि तोही त्यानं न विचारता. म्हणूनच त्यानं अधूनमधून ध्वनिपट्टीवर जे घातलं आहे ते आम्हाला खटकतं. आयझेनहॉवर यांचं १९६१ चं निरोपाचं भाषण, ज्यात त्यांनी लष्कर आणि कारखानदारी यांच्या साट्यालोट्याबद्दल इशारा दिला होता, ते एका गाडीबरोबर ऐकू येतं. वुडी गथ्री यांचं देशाच्या जमिनीविषयीचं प्रसिद्ध गाणं येतं. अरे बाबा, गाडीनं सांगितलं ना! तिचं बोलणं पुरेसं असताना मध्येच वकील कशाला उभा करायचा? बेनिंगसारख्या संयमी माणसालाही शेवटी प्रेक्षकावर पुरता भरवसा ठेवता आला नाही, असं आम्हाला वाटतं. बाकी चित्रपट आमच्या मते या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक आहे.

यावर कुणी म्हणेल, सर, ते अमेरिकेचं झालं. आपला काय संबंध? तर संबंध जुना आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यांत गाडी स्टेशनात येण्याचं चित्र होतं. आपल्याकडे पडद्यावर आलेल्या पहिल्या चित्रांतलंच एक आगगाडीचं, अर्थात प्रवाशांच्या. तसंच १६ एप्रिल १८५३ म्हटलं की आपल्याला बोरीबंदर-ठाणे, चौदा डबे, तोफांची सलामी आणि पाहुणे आठवतात. विलायतेतल्या कापड गिरण्यांचा डोळा होता तो कापसावर, या लोहमार्गावरून बंदरात यायच्या कापसावर. आपली रेल्वेची आठवण पहिल्यापासून प्रवाशाची आहे. आजही प्रवासी गाड्यांचा तोटा मालगाड्यांच्या भाड्यातून भरून निघतो, आणि मालात जवळपास निम्मा वाटा एकट्या कोळशाचा. लोकलच्या पासात थोडासा कोळसा आहे, हे कुणाच्या मनात येतं?

भाषेनं मात्र एक गोष्ट छान केली. 'वॅगन'ची आपण 'वाघीण' केली. वर्तमानपत्रात 'मालगाडीच्या सहा वाघिणी घसरल्या' असं वाचून लहानपणी किती मुलं दचकली असतील! शब्द इतका जिवंत, आणि त्या वाघिणींचे फोटो जवळजवळ नाहीत. खरं तर बघण्यासारखं किती आहे. नव्या मोटारी वाहून नेणारी गाडी घ्या. प्रवासी सेवेतून निवृत्त झालेले जुने डबे, त्यांच्या खिडक्या पत्र्यानं कायमच्या बंद केलेल्या, टोकाला दारं पाडलेली. ज्या खिडकीतून कुणी हात हलवला असेल तिथे आता सपाट पत्रा, आणि आत ओळीनं उभ्या कोऱ्या गाड्या. आमच्यासारख्या निवृत्ताला हे डबे जरा जवळचे वाटतात, ते सोडा. पण त्या दुपारी अशी एक गाडी गेली आणि एकानंही तिच्या डब्यांचा फोटो काढला नाही. किंवा कांद्याची रॅक. लासलगाव-मनमाडकडे 'रॅक लागली' म्हटलं की गोण्या, हमाल, ट्रकांची रांग, सगळं गाव जागं होतं. तो माल पुढे निघाला की फोटोत उरतं निळं किंवा हिरवं इंजिन.

माल दिसला असे प्रसंग आपल्याकडे क्वचित आले. एक एप्रिल २०१६ चा. लातूर कोरडं पडलं होतं, आणि मिरजेहून पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या दिवसांतले फोटो काढून बघा. कितीतरी फोटोंत इंजिन नाहीच. टाकी आहे, टाकीची तोटी आहे, जाडजूड पाइप आहे, गळणाऱ्या पाण्याकडे बघणारी माणसं आहेत. कुणी छायाचित्रकारांना शिकवलं नव्हतं. आत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांना हवं होतं. तेवढ्यानं कॅमेरा आपोआप मागे सरकला. वाघीण नायिका झाली.

दुसऱ्या प्रसंगाबद्दल बोलणं जड जातं, पण त्याशिवाय हे व्याख्यान अपुरं राहील. ८ मे २०२०. टाळेबंदीचे दिवस. जालन्यातल्या पोलादाच्या कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे पायी निघाले होते, तिथून घरी जायला गाडी मिळेल या आशेनं. रात्रभर चालून दमले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपले. पहाटे रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. ती मनमाडजवळच्या पानेवाडीला निघाली होती. सोळा जण गेले.

दुसऱ्या दिवशी जे फोटो छापून आले ते तुम्हाला आठवत असतील. रूळ, खडी, चपला, आणि विखुरलेल्या भाकरी-पोळ्या. गाडी नाही. गाडी निघून गेलेली आहे. समीक्षक म्हणून या फोटोंसमोर उभं राहायला संकोच वाटतो, पण आमचं मत असं की आपल्याकडच्या मालगाडीचा सर्वांत खरा फोटो हाच, आणि त्यात मालगाडी दिसत नाही. इंजिनाचं तोंड, ऊन, वळण, सगळे संकेत तिथे गळून पडतात. उरतं ते गाडीनं जाणं.

आणि त्या फोटोखाली जे छापलं गेलं ते पुन्हा वाचा. गाड्या बंद आहेत असं धरून ते रुळांवर झोपले. हे त्यांना कुणी सांगितलं होतं? आपण सगळ्यांनी. मार्चपासून प्रत्येक बातमीत, प्रत्येक घरात एकच वाक्य होतं: रेल्वे बंद आहे. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मालगाड्या एक दिवसही थांबल्या नव्हत्या. त्या थांबल्या असत्या तर आपल्या घरात दिवा राहिला नसता आणि रेशनला धान्य राहिलं नसतं. घरात बसून त्यांच्यावर आपण जगत होतो आणि 'रेल्वे बंद आहे' म्हणत होतो. आपल्या 'रेल्वे' या शब्दात मालगाडी नव्हतीच. फोटोतून जे वगळलं जातं ते हळूहळू शब्दातूनही जातं, आणि शब्दातून गेलेलं समोरून आलं तरी त्याची अपेक्षा नसते. त्या मजुरांची यात चूक म्हणू नका. ते आपलीच भाषा बोलत होते.

वेळ होत आला. चॅटमध्ये एक प्रश्न आला आहे, तेवढा घेतो. विचारलं आहे: "मग स्थिर फोटो या कामाचाच नाही का? मालगाडीसाठी व्हिडिओच काढायचा का?"

नाही. स्थिर फोटो काढता येईल, फक्त एक काढून भागणार नाही. जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेकर या जोडप्यानं १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो काढले. एकाच जातीच्या वस्तू, ढगाळ सपाट उजेडात, समोरून, आणि मग नऊ-नऊ, बारा-बारा फोटो शेजारी शेजारी टांगायचे. एकेकटा फोटो नीरस. सगळे मिळून बघितले की प्रत्येक टाकीचा चेहरा वेगळा दिसतो. मालगाडीचं तसं का करू नये? रुळांना काटकोनात उभं राहायचं, कुंपणाबाहेर. पहिल्या वाघिणीपासून सुरुवात, इंजिन सोडलं तरी चालेल. प्रत्येक वाघिणीचा एक. पत्र्यावरचे नंबर, खडूनं लिहिलेलं काहीबाही, गंज, पोचे, कडेला सांडलेला कोळसा, सगळं येऊ द्या. अठ्ठावन्न फोटो. मेमरी कार्डाला आता काय खर्च आहे? आणि एकोणसाठावा ब्रेकव्हॅनचा. तो हात करतो, तेव्हा कॅमेरा वर असू द्या.